अँटिसेन्स औषधानं लेकराचा डीएनए बदलत नाही
आपल्या लातूर-नांदेडकडं व्हॉट्सॲपवर कधीपासून मेसेज फिरायलाय, की अँटिसेन्स औषधानं लेकराचा डीएनए कायमचा बदलतो, अन् आता ते औषध पेशीपर्यंत न्यायला डीएनएचेच बारके सांगाडे बनवायलेत म्हणल्यावर लोक आणखीच घाबरायलेत. तसं नाही बघा. अँटिसेन्स औषध म्हणजे डीएनए-आरएनएसारखा, साधारण 20 रासायनिक अक्षरांचा बारका तुकडा. तो जीनला हातच लावत नाही, जीनवरून निघालेल्या आरएनए कॉपीला चिकटतो अन् प्रोटीन बनणं तिथंच अडवतो किंवा सुधारतो. असर उतरतो, म्हणूनच एसएमए या स्नायू कमजोर करणाऱ्या जनुकीय आजाराचं अँटिसेन्स औषध नुसिनर्सेन, अमेरिकेत 2016 ला मंजूर झालेलं, सुरुवातीच्या डोसनंतर दर 4 महिन्यांनी मणक्यात सुई देऊन द्यावं लागतं. सांगाडा तर नुसता टेम्पो, माल उतरवायला. खरी अडचण उलटीच, रक्तातले एन्झाइम त्याला लवकर तोडतात, अन् बराच माल लिव्हर-किडनीतच अडकतो.