विमानप्रवासातील एलिट दर्जा : मराठवाड्यातील प्रवाशांच्या संदर्भात

विमान कंपनीच्या फ्रिक्वेंट फ्लायर, म्हणजे वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठीच्या सभासद योजनेत वर्षभरातला प्रवास किंवा खर्च पाहून सभासदाला जे वरचे स्थान दिले जाते, त्याला एलिट दर्जा म्हणतात. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही त्याची नेहमीची नावे. बोलताना या पायऱ्यांना ‘टिअर’ म्हणतात. दर्जा असला की चेक-इनला वेगळी रांग, विमानात आधी प्रवेश, जादा सामान, लाउंज (विमानतळावरचा खास विश्रामकक्ष), प्रतीक्षायादीत वरचा क्रमांक आणि क्वचित वरच्या वर्गात अपग्रेड अशा सवलती मिळतात. दर्जाला मुदत असते, बहुधा एका वर्षाची. तेवढ्या काळात पुन्हा पुरेसा प्रवास झाला नाही तर सभासद खालच्या पायरीवर येतो.

मराठवाड्यातून विमानाने जाणारा वर्ग एकजिनसी नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांतले उद्योजक आणि अभियंते महिन्या-दोन महिन्यांनी मुंबई-दिल्ली करतात आणि यंत्रांच्या कामासाठी जर्मनीलाही जातात. नांदेड-लातूरकडची मंडळी हैदराबाद गाठून आखाती देशांत कामाला जातात. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलांकडे जाणारे आईवडील हा आता जवळजवळ प्रत्येक तालुक्यातला प्रकार आहे. या सगळ्यांना एकच ‘गोल्ड’ सारखा उपयोगी पडत नाही. म्हणून कार्डावरचे नाव बाजूला ठेवून, ते कार्ड आपल्या मार्गावर कुठे चालते आणि काय देते, एवढ्यावरच दर्जांची तुलना करावी.

माइल्स वेगळे, दर्जा वेगळा

सभासदाच्या नावावर दोन हिशेब चालतात. एक खर्चायच्या पॉइंट्सचा. यांना कुठे माइल्स म्हणतात, कुठे दुसरे नाव असते. त्यांवर तिकीट किंवा अपग्रेड घेता येते. दुसरा हिशेब टिअर पॉइंट्सचा. ते खर्चता येत नाहीत, फक्त मोजले जातात आणि त्यांवरून पायरी ठरते. क्रेडिट कार्डाच्या खरेदीतून मिळणारे पॉइंट्स बहुतेक योजनांत पहिल्या हिशेबात पडतात. त्यामुळे ‘माझ्याकडे लाखभर पॉइंट्स आहेत, तरी लाउंजमध्ये का सोडत नाहीत?’ हा प्रश्न विमानतळावर वारंवार ऐकू येतो. कुटुंबाने पॉइंट्स एकत्र करण्याची सोयही साधारणपणे पहिल्या हिशेबापुरतीच असते. नवऱ्याचे आणि बायकोचे टिअर पॉइंट्स मिळून एक गोल्ड होत नाही.

हा फरक मराठवाड्याने जवळून पाहिला आहे. चिकलठाणा विमानतळावरून जेट एअरवेजचे मुंबईचे विमान होते आणि कंपनीच्या जेटप्रिव्हिलेज योजनेत ब्लू, ब्लू प्लस, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पाच पायऱ्या होत्या. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची उड्डाणे बंद पडली. योजना चालवणारी कंपनी मात्र वेगळी होती आणि २०१४ पासून तिच्यात एतिहाद या अबू धाबीच्या विमान कंपनीचा ५०.१ टक्के हिस्सा होता. त्यामुळे सभासदांचे माइल्स वाचले आणि योजना पुढे इंटरमाइल्स या नावाने चालू राहिली. विमानतळावरच्या दर्जाला मात्र काही अर्थ उरला नाही, कारण प्लॅटिनम कार्ड ज्या काउंटरवर दाखवायचे तो काउंटरच गेला. माइल्स साठवता येतात. दर्जा ही चालू असलेली सेवा आहे आणि ती देणाऱ्या विमानावर अवलंबून असते.

उलट घडल्याचे उदाहरण विस्ताराचे. ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्तारा या तिच्या योजनेतल्या सभासदांना त्यांच्या दर्जासह एअर इंडियाच्या योजनेत सामावून घेतले गेले. विस्तारा कोणत्याही जागतिक युतीत, म्हणजे एकमेकींची कार्डे मानणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटात नव्हती, एअर इंडिया स्टार अलायन्स या युतीत आहे. त्यामुळे विस्ताराकडून आलेल्या गोल्ड सभासदाचे कार्ड पूर्वीपेक्षा किती तरी जास्त विमानतळांवर चालू लागले. एअर इंडियाची ही योजना आधी फ्लाइंग रिटर्न्स या नावाने ओळखली जाई, आता तिचे नाव महाराजा क्लब आहे. रेड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम या तिच्या पायऱ्या.

दर्जा कसा मोजतात

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले, स्पर्धा वाढली आणि प्रवासी टिकवून धरण्यासाठी मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने एअॅडव्हांटेज ही योजना काढली. युनायटेडची योजना त्याच महिन्यात आली. वरच्या पायऱ्या त्यानंतर आल्या. मोजणीची मूळ पद्धत अंतराची होती. पुढे उड्डाणांची संख्या आणि मग खर्च हे निकष आले.

चिकलठाण्याहून मुंबई विमानाने जेमतेम २८० किलोमीटर, म्हणजे साधारण १७५ मैल आहे. नुसते अंतर मोजले तर २५,००० मैलांसाठी या मार्गावर सत्तरहून अधिक वेळा जाऊन यावे लागेल. मुंबई-फ्रँकफर्टच्या जाऊन-येऊन तीन खेपांत तेवढेच मैल जवळजवळ पुरे होतात. उड्डाणे मोजणाऱ्या योजनेत चित्र पालटते. तिथे मुंबईचे छोटे उड्डाणही एक आणि अटलांटिक ओलांडणारेही एक. एअर फ्रान्स आणि केएलएमच्या फ्लाइंग ब्लू योजनेने मधला मार्ग काढला आहे. इकॉनॉमी वर्गात देशांतर्गत उड्डाणाला २ आणि सर्वांत लांबच्या उड्डाणाला १२ गुण मिळतात. सिल्व्हरला १००, गोल्डला त्यानंतर १८० आणि प्लॅटिनमला ३०० लागतात.

खर्चावरची मोजणी आता बऱ्याच ठिकाणी रुजली आहे. डेल्टाने २०२४ पासून दर्जासाठी फक्त खर्च धरला, ब्रिटिश एअरवेजने एप्रिल २०२५ पासून तोच मार्ग धरला आणि एअर इंडियाची योजनाही एप्रिल २०२४ पासून खर्चावर चालते. भाड्याची मूळ रक्कम धरली जाते, सरकारी कर सहसा धरले जात नाहीत. आपल्याकडे याचा परिणाम स्पष्ट आहे. चिकलठाण्याहून उड्डाणे मोजकी, त्यामुळे आयत्या वेळचे भाडे चढलेले असते. कारखान्यात बिघाड झाला म्हणून उद्याचे तिकीट काढणाऱ्याला जास्त टिअर पॉइंट्स, आणि दोन महिने आधी स्वस्तात तिकीट काढणाऱ्याला कमी. तिकिटाचे पैसे कंपनीने भरले तरी पॉइंट्स प्रवाशाच्याच खात्यावर जातात, म्हणून वरच्या पायऱ्यांवर नोकरदार जास्त दिसतात. स्वतःच्या खिशातून प्रवास करणाऱ्याने खर्चावर चालणाऱ्या योजनेत दर्जाच्या मागे लागू नये.

यात रस्ता आणि रेल्वेचाही वाटा आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून अनेक जण मुंबईला गाडीने जातात, आणि जालन्याहून डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबईची वंदे भारत आता नांदेडहून सुटते. छोटी उड्डाणे अशी गळली की उड्डाणसंख्येवर मिळणारा दर्जा आणखी लांब जातो.

युतीतला दर्जा

दर्जांची खरी तुलना युतीच्या पातळीवर होते. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००) या तीन युतींनी आपापल्या पायऱ्या ठरवल्या आहेत, आणि प्रत्येक सदस्य कंपनीचा दर्जा त्यांतल्या एकीत बसतो. त्यामुळे एका कंपनीचे कार्ड दुसरीच्या काउंटरवर चालते.

स्टार अलायन्समध्ये सिल्व्हर आणि गोल्ड अशा दोनच पायऱ्या आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. स्टार सिल्व्हरला प्रतीक्षायादीत आणि विमानतळावरच्या स्टँडबायमध्ये (आयत्या वेळी रिकाम्या राहिलेल्या जागेसाठी थांबणाऱ्यांत) प्राधान्य मिळते. युती म्हणून याहून अधिक काही नाही. स्टार गोल्डला वेगळे चेक-इन, आधी बोर्डिंग, सोबतच्या एका पाहुण्यासह लाउंज, सामानाला ‘प्रायॉरिटी’चा टॅग आणि सामान वजनावर मोजत असतील तर २० किलो जादा किंवा नगावर मोजत असतील तर एक जादा बॅग मिळते. एअर इंडियाचे गोल्ड आणि प्लॅटिनम दोन्ही स्टार गोल्डच आहेत. म्हणजे याच युतीतल्या लुफ्तान्साच्या काउंटरवर प्लॅटिनमला गोल्डपेक्षा जास्त काही मिळत नाही. त्याचे जादा फायदे एअर इंडियाच्या विमानापुरते. शेंद्र्याचा अभियंता लुफ्तान्साने म्युनिकला जात असेल तर त्याने गोल्डपर्यंत जरूर जावे, पुढची धडपड त्याच्या मार्गावर फारशी फळत नाही. एका उड्डाणाचे पॉइंट्स एकाच योजनेत जमा होतात, म्हणून एअर इंडिया आणि लुफ्तान्सा या दोन्हींची उड्डाणे एकाच खात्यात टाकणे शहाणपणाचे. दोन योजनांत अर्धी-अर्धी उड्डाणे टाकणारा दोन्हीकडे खालीच राहतो.

वनवर्ल्डमध्ये रूबी, सफायर आणि एमराल्ड अशा तीन पायऱ्या आहेत. लाउंज सफायरपासून सुरू होते, फर्स्ट क्लासचे लाउंज एमराल्डला. नावे किती फसवतात ते इथे नीट दिसते. ब्रिटिश एअरवेजचे सिल्व्हर म्हणजे सफायर आणि कतार एअरवेजचे गोल्डही सफायरच. ब्रिटिश एअरवेजचे गोल्ड मात्र एमराल्ड. कतारच्या योजनेत सिल्व्हरला १५०, गोल्डला ३०० आणि प्लॅटिनमला ६०० क्यूपॉइंट्स (तिथले टिअर पॉइंट्स) लागतात. स्कायटीममध्ये एलिट आणि एलिट प्लस. आंतरराष्ट्रीय प्रवासात लाउंज एलिट प्लसला मिळते.

अमेरिकेतल्या मुलांच्या कार्डाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युनायटेडच्या योजनेतला गोल्ड सभासद स्टार गोल्ड असला तरी निव्वळ अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात त्याला त्या दर्जावर युनायटेडचे लाउंज मिळत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात मिळते. मुलाच्या दर्जातून आईवडिलांना काही मिळालेच तर ते मूल सोबत असतानाच. अंबाजोगाईहून निघालेल्या दोघांना मुंबईच्या काउंटरवर त्याच्या कार्डाचा फोटो दाखवून जादा बॅग मिळणार नाही. तिथे काटा २३ किलोच्या वर गेला की बॅग फरशीवर उघडावी लागते आणि कुरडया ठेवायच्या की शेंगदाण्याची चटणी, हे रांगेतल्या लोकांसमोर ठरवावे लागते. घरूनच वजन करून निघावे.

युतीबाहेरच्या कंपन्या

इंडिगो कोणत्याही युतीत नाही. तिची ब्लूचिप योजना २०२४ मध्ये आली आणि तिच्यात ब्लू ३, ब्लू २, ब्लू १ अशा पायऱ्या आहेत. ब्लू १ सर्वांत वरची. एमिरेट्सही युतीबाहेर आहे. तिच्या स्कायवर्ड्स योजनेत ब्लू, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. सिल्व्हरला २५,०००, गोल्डला ५०,००० आणि प्लॅटिनमला १,५०,००० टिअर माइल्स, म्हणजे फक्त दर्जासाठी मोजायचे माइल्स. वर्षातून एकदा सुटीवर गावी येणाऱ्या कामगाराला सिल्व्हरही सहज मिळत नाही. त्याने दर्जा न पाहता तिकिटातच किती किलो सामान आहे ते पाहावे.

नांदेडची गोष्ट निराळी आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान या केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेतली जी पहिली उड्डाणे सुरू झाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होते. ते ट्रूजेट चालवत असे. ती कंपनी पुढे बंद पडली. २०२४ पासून इथे स्टार एअरची विमाने येतात. नाव जवळचे असले तरी स्टार एअर ही स्टार अलायन्सची सदस्य नाही. तिच्या उड्डाणांवर स्टार गोल्डच्या सवलतींची अपेक्षा धरू नये. लहान विमानतळावर तशीही रांग छोटी, त्यामुळे वेगळ्या काउंटरने फार वेळ वाचत नाही. दर्जाचा उपयोग मुंबई, दिल्ली, हैदराबादच्या गर्दीत होतो. पुढचे उड्डाण एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असेल तर सामानाची आंतरराष्ट्रीय मर्यादा सहसा पहिल्या उड्डाणापासूनच लागू होते. तिकिटे वेगळी काढली तर देशांतर्गत उड्डाणाला साध्या भाड्यात बहुधा १५ किलोच मिळतात, आणि तिथेच खिशाला चाट बसते.

नाव आणि नोंद

पॉइंट्स जमा न होण्याचे एक साधे कारण आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीत आहे. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव जोडलेले असते, तिकिटावर एजंट फक्त नाव-आडनाव टाकतो आणि सभासदत्वात आडनाव आधी भरलेले असते. तिन्ही जुळली नाहीत तर नोंद अडकते. सभासदत्व पासपोर्टप्रमाणे घ्यावे आणि क्रमांक तिकीट काढतानाच एजंटला द्यावा. राहिलेले पॉइंट्स नंतर मागता येतात, पण त्यासाठी तिकीट क्रमांक आणि बोर्डिंग पास लागतो, आणि मागणीला मुदत असते. खात्यात नोंद दिसेपर्यंत बोर्डिंग पास फाडू नये.