डेव्हिड ब्रायंट आणि त्यांच्यामागचा लॉन बॉल्सचा इतिहास

२ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा हिरवळीवर चेंडू घरंगळवण्याच्या लॉन बॉल्स या खेळाचे नाव आपल्याकडे अनेकांच्या कानावर पहिल्यांदाच पडले. या खेळातला सर्वांत मोठा खेळाडू कोण, असे विचारले तर माझे उत्तर एकच: इंग्लंडचे डेव्हिड ब्रायंट.

खेळ मुळात फार जुना. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची या खेळाची हिरवळ १२९९ पासूनची असल्याचे सांगतात. पुढे आठव्या हेन्रीच्या राज्यात, १५४१ मध्ये, कारागीर, मजूर आणि नोकरचाकर यांना नाताळ सोडून एरवी हा खेळ खेळायला बंदी झाली. लोकांचा धनुर्विद्येचा सराव सुटू नये, हा त्यामागचा हेतू. हा कायदा रद्द व्हायला १८४५ उजाडले. दरम्यान १८३० मध्ये एडविन बडिंग यांनी गवत कापण्याचे यंत्र बनवले, त्यामुळे सपाट हिरवळ राखणे लहान गावांच्याही आवाक्यात आले. १८४०च्या दशकाअखेरीस ग्लासगोच्या विल्यम मिचेल यांनी नियम लिहून काढले. १९०३ मध्ये इंग्लंडची संघटना उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले डब्ल्यू. जी. ग्रेस. होय, तेच क्रिकेटमधले दाढीवाले ग्रेस.

गावोगावच्या क्लबांच्या या पसाऱ्यातूनच ब्रायंट आले. जन्म १९३१चा, सॉमरसेटमधल्या समुद्रकाठच्या क्लिव्हडन गावातला. वडील रेग हेही खेळाडू. १९५७ मध्ये बापलेकांनी क्लिव्हडनच्या चौघांच्या संघातून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. तेव्हा हा हौशी खेळ होता, पोटापाण्यासाठी ब्रायंट शाळेत शिकवत. इंग्लंडचे एकेरीचे विजेतेपद त्यांनी १९६० ते १९७५ या काळात सहा वेळा जिंकले.

त्यांचे मोठेपण पदकांच्या संख्येपेक्षा ती कुठे मिळाली यात आहे. लॉन बॉल्समधला चेंडू सरळ जात नाही. त्याची एक बाजू अशी घडवलेली असते की वेग उतरला की तो त्या बाजूला वळतो. समोर जॅक नावाचा पांढरा छोटा चेंडू, त्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू थांबवायचा. इंग्लंडची हिरवळ जड, तिथे जोर लावून टाकावे लागते आणि चेंडू लवकर पोहोचतो. न्यूझीलंडमध्ये अनेक ठिकाणी गवताऐवजी कोटुला नावाची बुटकी वनस्पती वाढवतात. तिच्यावर चेंडू इतका सहज घरंगळतो की हलक्या हाताने सोडावा लागतो, त्यामुळे त्याला पोहोचायला जास्त वेळ लागतो आणि तो वळतोही खूप रुंद. म्हणजे घरी वर्षानुवर्षे मुरलेला अंदाज तिथे बाजूला ठेवावा लागतो. भलेभले इथेच अडखळतात.

ब्रायंट अडखळले नाहीत. १९६२ मध्ये पर्थला राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरी आणि चौघे अशी दोन सुवर्णपदके. १९६६च्या किंग्स्टन स्पर्धेत हा खेळच नव्हता. पण त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि एकेरी ब्रायंट यांनी जिंकली. मग १९७० एडिनबरा, १९७४ न्यूझीलंडमधले क्राइस्टचर्च, १९७८ एडमंटन, तिन्हीकडे एकेरीचे सुवर्ण. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातच दुसरे जागतिक विजेतेपद.

चेंडू सोडण्याआधी ते खाली बसत, नजर रेषेवर स्थिर करत, मग किंचित उठून पाऊल टाकत. तोंडात पाइप, बहुतेकदा न पेटवलेला. १९७०च्या दशकाअखेरीस ब्रिटिश टेलिव्हिजनने हा खेळ दाखवायला घेतला तेव्हा ती छबी लोकांच्या मनात पक्की बसली. इनडोअर जागतिक स्पर्धा १९७९ मध्ये सुरू झाली. गालिच्यावरचा तो खेळ वेगळाच, तरी पहिली तिन्ही विजेतेपदे त्यांचीच.

१९८८ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला, वयाच्या ५६व्या वर्षी, स्कॉटलंडच्या विली वूड यांना मागे टाकून त्यांनी तिसऱ्यांदा जागतिक एकेरी जिंकली. मला त्यांची सर्वांत मोठी कामगिरी हीच वाटते. त्याच सुमारास वयाने खूप धाकट्या टोनी ऑलकॉक यांच्याबरोबर इनडोअर दुहेरीत त्यांची जोडी जमली होती. १९८६ ते १९९२ या काळात दोघांनी सहा वेळा जागतिक विजेतेपद मिळवले. ऑलकॉक पुढे इंग्लंडच्या संघटनेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ब्रायंट २०२० मध्ये, ८८व्या वर्षी वारले.