तीन लिप्या, एक कीबोर्ड : मेकॅनिकल कीबोर्डच्या निवडीमागची पार्श्वभूमी

‘आणि’ हा शब्द इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठी केंद्राने ठरवलेल्या मांडणीत लिहायला तीन बटणे लागतात : इंग्रजी ई, सी आणि एफ. त्यातली पहिली दोन शिफ्टसह. ‘शाळा’ला चार बटणे, त्यातही दोनदा शिफ्ट. इंग्रजी लिहिणाऱ्याला शिफ्ट आठवते ती वाक्याच्या सुरुवातीला आणि नावांपाशी. मराठी लिहिणाऱ्याची करंगळी मात्र शब्दाशब्दाला त्याच बटणावर असते. ख, घ, भ, श, ण, ळ आणि सुटे लिहिलेले सगळे स्वर शिफ्टवरच आहेत. मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेल्या कीबोर्डबद्दलचे बहुतेक सल्ले इंग्रजी लिहिणाऱ्यांनी दिलेले असतात, त्यामुळे ही गोष्ट त्यांत सापडत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तर एकाच टेबलावर सकाळी मराठी बातमी, दुपारी कन्नड अर्ज, मग इंग्रजी प्रोजेक्ट रिपोर्ट आणि रात्री व्हॅलोरंटचा खेळ असा क्रम चालतो. इथे कीबोर्ड निवडायचा तर आधी तो कुठून आला ते पाहावे लागते.

सुरुवात टाइपरायटरपासून. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर लॅथम शोल्सला १८६८ साली पेटंट मिळाले आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीने त्याचे यंत्र विकायला काढले. ते फक्त मोठी इंग्रजी अक्षरे छापत असे. शिफ्ट आले १८७८च्या रेमिंग्टन क्रमांक २ मध्ये. तेव्हा हे नाव शब्दशः खरे होते : बटण दाबले की आतला जड भाग जागचा हलायचा आणि त्याच दांडीवरचे दुसरे अक्षर कागदावर उठायचे. तो जडपणा सगळा करंगळीवर. आजच्या कीबोर्डवर शिफ्ट रुंद असते आणि बाजूला असते, ती या यंत्राची उरलेली खूण.

भारतात गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर बाजारात आणला. देवनागरीच्या यंत्रावर वेगळेच हिशेब करावे लागत. जागा न सरकवणारी बटणे मात्रांसाठी राखलेली, अर्धी अक्षरे वेगळी, आणि ‘कि’ लिहायचे तर आधी ऱ्हस्व वेलांटी मग क, कारण कागदावर वेलांटी आधी येते. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये हीच सवय बोटांत बसवली गेली. ३० आणि ४० शब्दांच्या वेगाच्या परीक्षा, पुण्याच्या परीक्षा परिषदेचे प्रमाणपत्र, सीमेच्या या बाजूला कर्नाटक मंडळाच्या कन्नड-इंग्रजीच्या परीक्षा : एकाच गल्लीतली मुले दोन राज्यांच्या परीक्षांसाठी बोटे झिजवत. त्या पिढीच्या बोटांना बटण तळापर्यंत ठोकायची सवय आहे. खरेदीच्या वेळी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, पुढे ते पुन्हा येईल.

संगणक आला तेव्हा मांडणीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट मांडणी ठरवली, १९८८ मध्ये ती सुधारली आणि १९९१च्या भारतीय मानकात ती गेली. तिची कल्पना सीमाभागासाठी जणू मुद्दाम केल्यासारखी आहे. भारतीय लिप्यांची वर्णमाला एका साच्याची, म्हणून अक्षरांची जागाही एकच. देवनागरीचा क जिथे, तिथेच कन्नडचा क : के या बटणावर. ळ तर दोन्ही भाषांचा लाडका, तो दोन्हीकडे शिफ्ट आणि एन. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. वेलांटी इथे उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर. टायपिंग क्लास केलेली मंडळी इथेच अडखळतात. एकदा मराठी पाठ झाले की कन्नड जवळजवळ फुकट मिळते.

‘जवळजवळ’ म्हणायचे कारण कन्नडचे ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ. मराठीत ते वेगळे नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व ए-ची मात्रा झेडवर आहे, आणि ऱ्हस्व ओ-ची मात्रा १च्या डावीकडे, टॅबच्या डोक्यावरच्या बटणावर. ‘ओंदु’ किंवा ‘कोडु’ लिहायचे तर ते बटण हवेच. आता बाजारात सगळ्यात देखण्या दिसणाऱ्या ६० टक्के आकाराच्या (एफ-रांग, बाण आणि उजवीकडचे आकडे नसलेल्या) कीबोर्डवर नेमके तेच बटण नसते. त्या जागी एस्केप असते आणि मूळ चिन्ह एफएन हे जादा बटण दाबून काढावे लागते. कन्नड कामासाठी इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याने हा आकार घेऊ नये. के. पी. राव यांनी घडवलेली, कर्नाटक सरकारने स्वीकारलेली ध्वन्यात्मक मांडणी वापरत असाल तर ही अडचण येत नाही, तिथे स्वर अक्षरांच्या बटणांवरच आहेत.

आता बटणाच्या पोटात काय असते ते. आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीसोबत आलेल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग होती, जी दाब वाढला की मध्येच वाकायची आणि कट्‌ असा आवाज व्हायचा. त्यानंतरच्या १९८५च्या मॉडेल एम-ने १०१ बटणांची मांडणी रूढ केली. उजवीकडचे आकडे, मधले बाण, वरची एफ-रांग, हे सगळे आजही तसेच आहे. हे कीबोर्ड दोन किलोंहून जड आणि महाग होते. पीसी स्वस्त होत गेला तशी स्प्रिंगची जागा रबराच्या घुमटांनी घेतली. एकच रबरी चादर, खाली प्लॅस्टिकचे दोन थर, त्यावर छापलेले वाहक पट्टे. बनवायला सोपे, धूळ-पाण्याला बरे. पण बटण पूर्ण दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही आणि काही वर्षांत रबर मऊ पडते.

दरम्यान जर्मनीत चेरी कंपनीने १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात एमएक्स स्विच काढला. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र डबी, आत स्प्रिंग, सरकणारा दांडा आणि सोन्याचा स्पर्श असलेली धातूची पाती. दांड्याच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखा क्रॉस. पुढे सगळ्या जगाने हाच क्रॉस धरला, म्हणून आज एका कंपनीच्या कीकॅप्स (बटणांच्या वरच्या टोप्या) दुसऱ्या कंपनीच्या बहुतेक बोर्डवर बसतात. बटणाची पूर्ण चाल ४ मिलिमीटर आणि अक्षर उमटते साधारण २ मिलिमीटरवर. काळा स्विच आधीचा, सरळ (मध्ये खटका नसलेला) आणि ६० ग्रॅमच्या आसपास दाबाचा. तपकिरी १९९४चा, मध्ये हलकासा खटका असलेला. लाल २००८चा, सरळ आणि ४५ ग्रॅमचा. निळा म्हणजे खटका आणि मोठा आवाज, दोन्ही.

भारतात हा निळा स्विच बहुतेकांना माहीत झाला तो टीव्हीएस गोल्ड या कीबोर्डमधून. डीटीपीची दुकाने, वर्तमानपत्रांची कार्यालये, कोर्टाबाहेरचे टंकलेखक, सगळीकडे तोच खडखडाट. बेळगावची छपाईची परंपरा जुनी आहे. १९१९ पासूनचा ‘तरुण भारत’ इथलाच. मेकॅनिकल हा शब्द गेमिंगच्या जाहिरातीत यायच्या कितीतरी आधी लग्नपत्रिका जुळवणाऱ्या ऑपरेटरांची बोटे त्यावर चालत होती.

गेमिंगची गोष्ट नंतरची. २००८ मध्ये स्टीलसीरीजने काळ्या चेरी स्विचचा ७जी कीबोर्ड आणला, २०१० मध्ये रेझरने निळ्या चेरीचा ब्लॅकविडो. खेळणाऱ्यांना हवे होते ते मुळात वेगळेच : एका वेळी अनेक बटणे दाबली तरी प्रत्येक नोंदले जावे. रबरी कीबोर्डमध्ये बटणे आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात. ठरावीक तीन बटणे एकत्र दाबली की चौथ्याचा भास होतो, म्हणून चिप ते बटण गाळूनच टाकते. प्रत्येक स्विचला एक डायोड दिला की प्रवाह उलटा फिरत नाही आणि हा घोळ संपतो. दोन्ही शिफ्ट दाबून ठेवा आणि मधली अक्षरे टाइप करा. साध्या कीबोर्डवर काही अक्षरे हमखास गायब होतात.

खरा बदल झाला २०१४च्या सुमारास, चेरीचे पेटंट संपल्यावर. कैल, गॅटेरॉन, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच साच्याचे स्विच काढले. भाव कोसळले. दोन-तीन हजारांत मेकॅनिकल कीबोर्ड मिळू लागला तो यामुळे, आणि काही स्विच तर मूळच्यापेक्षा गुळगुळीत निघाले. मग हॉट-स्वॅप आले : डाग न देता (सोल्डरिंगशिवाय) स्विच उपसायचा आणि दुसरा खोचायचा.

सर्वात नवी म्हणून विकली जाणारी चुंबकीय स्विचची जात मात्र जुनीच आहे. एडविन हॉलने १८७९ साली शोधलेला, चुंबकाचा विद्युतप्रवाहावर होणारा परिणाम हनीवेल कंपनीच्या कीबोर्डमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस वापरला गेला होता. दांड्यात चुंबक, खाली सेन्सर. धातूला धातू लागतच नाही. वूटिंग या डच कंपनीने त्यावर रॅपिड ट्रिगर बसवले, म्हणजे बटण किंचित वर आले की लगेच सुटले असे धरायचे. शूटर खेळात पाऊल झटकन थांबवायला ते उपयोगी. उलट दिशेची दोन बटणे एकत्र दाबल्यावर शेवटचे आपोआप धरण्याची सोय मात्र खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २च्या अधिकृत सर्व्हरवर बंद केली. केवळ तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

चुंबकीय स्विचचा एक फायदा जाहिरातीत येत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. स्वस्त स्विचमधली पाती त्या दमटपणात काळवंडते आणि एकदा दाबले की अक्षर दोनदा उमटू लागते : ‘कक’, ‘ळळ’. असे झाल्यास कीकॅप काढा, स्विचच्या फटीत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, शंभरेक वेळा दाबा, रात्रभर वाळू द्या. एवढ्याने न भागल्यास हॉट-स्वॅप बोर्डवर तेवढा स्विच बदलता येतो. डाग दिलेल्या बोर्डवर वितळलेला डाग ओढून घेणारा डिसोल्डर पंप लागतो. चुंबकीयमध्ये हा रोगच नाही. फक्त त्यांत साधे स्विच बसत नाहीत, हे घेतानाच कळलेले बरे.

आता आकार. टक्केवारीपेक्षा उजवे शिफ्ट पाहा. १०४ आणि (उजवा आकडेफलक नसलेल्या) ८७ बटणांच्या बोर्डवर ते एका बटणाच्या पावणेतीन पट रुंद, म्हणजे ५२ मिलिमीटरच्या आसपास असते. ७५ आणि ६५ टक्क्यांच्या बहुतेक बोर्डवर ते पावणेदोन पट, ३३ मिलिमीटर, आणि त्याला चिकटून वरचा बाण. ‘आणि’मधला ई आणि सी दोन्ही डाव्या हाताचे, म्हणजे नियमाने शिफ्ट उजवे. करंगळी जरा सरकली की बाण दाबला जातो आणि ‘णि’ वरच्या ओळीत जाऊन बसते. तीन लिप्यांत रोज लिहिणाऱ्याने ८७चा घ्यावा, आमचे मत एवढे साधे आहे. निपाणीच्या तंबाखू वखारीतला टॅलीचा माणूस आणि जुन्या फॉन्टमध्ये ऑल्ट-कोडने जोडाक्षरे काढणारा डीटीपी ऑपरेटर यांना १०४शिवाय गत्यंतर नाही. ऑल्टचे आकडे उजव्या आकडेफलकावरूनच घेतले जातात.

स्विचचे म्हणाल तर टायपिंग क्लासमधून आलेल्याला लाल देऊ नये. ठोकायला शिकलेली बोटे विसाव्याला टेकली तरी ४५ ग्रॅमवर अक्षर उमटते. ५५ ते ६५ ग्रॅमचा खटक्याचा स्विच त्यांना बसतो. फक्त खेळायचे असेल तर लाल किंवा चुंबकीय. निळा घरात रात्री चालवायचा तर शेजारच्या खोलीत कोण झोपते ते आधी पाहावे. हॉट-स्वॅप असेल तर एक छान तडजोड करता येते : सगळीकडे तपकिरी आणि फक्त दोन शिफ्टखाली ४५ ग्रॅमचा लाल. दिवसभर मराठी लिहिणाऱ्याच्या करंगळीला संध्याकाळी फरक कळतो.

रुंद बटण तिरके होऊ नये म्हणून त्याखाली तारेचा स्टॅबिलायझर असतो. तो सुका असला की शिफ्ट खुळखुळ वाजते. तारेच्या दोन्ही टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका पुरतो. जास्त लावले तर बटण चिकटून उशिरा वर येते.

स्विच बदलताना पाच पायांचा स्विच तीन भोकांच्या बोर्डवर बसवायचा तर प्लॅस्टिकचे दोन जादा पाय नेलकटरने कापा. खोचण्याआधी तांब्याच्या दोन्ही पिना सरळ आहेत का पाहा. वाकलेली पिन दुमडून आत जाते आणि बटण मेले असे वाटते. बळ लावले तर खालचा सॉकेटच उखडतो, म्हणून दुसरे बोट बोर्डच्या मागून टेकवा. काही स्वस्त बोर्डांच्या सॉकेटमध्ये फक्त बारीक पिनांचे स्विच जातात, ते विक्रेत्याला आधी विचारा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून स्विच धरणारी स्वतःची प्लेट कापून घेण्याचा मोह इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना होतोच. माप द्या : जाडी १.५ मिलिमीटर, भोक १४ मिलिमीटर चौरस, मध्यापासून मध्यापर्यंत १९.०५. लेझरचा झोत किती खातो ते धरूनच ड्रॉइंग करायला सांगा, कारण भोक १४.२ झाले की स्विचची कडी धरत नाही आणि कीकॅप ओढताना स्विचही हातात येतो. अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस घ्या; साधा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो.

देवनागरी छापलेल्या कीकॅप्ससाठी अडून बसू नका. खरबरीत पीबीटी प्लॅस्टिकच्या कीकॅपवर स्टिकर टिकत नाहीत, आणि गुळगुळीत एबीएस प्लॅस्टिकवर टिकले तरी ई आणि सी-वरचे आधी झिजतात. बोर्ड हातात आल्यावर परत करायची मुदत संपण्याआधी एका कोऱ्या फाइलमध्ये ‘आणि’ आणि ‘शाळा’ पन्नास-पन्नास वेळा लिहा, मग कन्नडवर जाऊन ‘ओंदु’. दुहेरी उमटणारे अक्षर, अडकणारे शिफ्ट किंवा वरच्या ओळीत उडी मारणारा कर्सर, जे काही असेल ते तेवढ्यात दिसते.