भात्याच्या कॅमेऱ्याला डिजिटल बॉडी

लार्ज फॉरमॅट, म्हणजे मोठ्या आकाराच्या फिल्मवर फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याची रचना साधी आणि उघडी असते. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत घासलेली काच, आणि दोन्हींना जोडणारा, बाहेरचा उजेड अडवणारा भाता. दोन्ही चौकटी स्वतंत्रपणे सरकतात आणि कलतातही. काचेवर उलटी प्रतिमा जुळवायची आणि मग तिथे ४ × ५ इंची फिल्म बसवायची, अशी ही पद्धत. त्या काचेच्या जागी आज डिजिटल कॅमेऱ्याची बॉडी बसवता येते. त्यासाठी लागते मधोमध भोक असलेली एक सपाट पट्टी आणि भोकावर त्या बॉडीला जुळणारा माउंट, म्हणजे बॉडी जिथे अडकते ते कडं. लेन्सचं शटर उघडं ठेवायचं, बॉडी ‘मॅन्युअल’वर ठेवून ‘लेन्सशिवाय शटर चालू द्या’ ही सेटिंग लावायची, की फोटो निघतो.

पहिल्याच फोटोत लक्षात येते ती सेन्सरच्या आकाराची अडचण. ४ × ५ फिल्मवर चित्रासाठी सुमारे १२० × ९५ मि.मी. जागा मिळते, डिजिटल बॉडीतला फुल फ्रेम सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग) मात्र ३६ × २४ मि.मी.चा, म्हणजे क्षेत्रफळ तेरा पटींनी कमी. फिल्मवर १५० मि.मी.ची लेन्स आडव्या दिशेने जवळपास ४४ अंश दाखवते, सेन्सरवर तीच जेमतेम १४ अंश. नेहमीच्या दृश्याची लेन्स अचानक टेलिफोटो होऊन बसते.

यावरचा उपाय या कॅमेऱ्याच्या रचनेतच आहे. लेन्स जागची हलवायची नाही, मागची बॉडी मात्र टप्प्याटप्प्याने सरकवत फोटो घ्यायचे आणि नंतर संगणकावर जोडायचे. कॅमेरा फिरवून पॅनोरामा घेताना लेन्सची जागा बदलते, आणि जवळच्या-दूरच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकतात. इथे लेन्स स्थिर असल्यामुळे तिने पाडलेलं प्रतिमेचं वर्तुळही स्थिर असतं. सेन्सर फक्त त्यातला एकेक तुकडा उचलतो, त्यामुळे जोड फार स्वच्छ बसतात. चार स्तंभ आणि पाच ओळी, म्हणजे वीस फोटो एकमेकांवर थोडे चढवून घेतले, तर जवळजवळ पूर्ण ४ × ५ चं क्षेत्र भरतं. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवरून हिशेबाने ३२० मेगापिक्सेलच्या आसपासचं चित्र मिळतं.

पण या आकड्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. जुन्या सवयीने लेन्सचं छिद्र एफ/२२ वर ठेवलं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), तर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सुमारे ३० मायक्रॉनचा ठिपका होऊन पसरतो. या सेन्सरचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा, म्हणजे एक ठिपका पाच पिक्सेलभर. फिल्म फारशी मोठी करावी लागत नसे, म्हणून तिथे हे खपून जाई. सेन्सरसाठी एफ/८ ते एफ/११ हाच पट्टा योग्य.

आणि छिद्र मोठं केलं की अचूकतेचा प्रश्न समोर येतो. माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत कमी बोललं जातं ते याबद्दलच. फिल्मवर ०.१ मि.मी.चा ठिपका चालत असे, म्हणून एफ/२२ ला फिल्म २.२ मि.मी. पुढे-मागे झाली तरी चित्र तीक्ष्ण दिसे. सेन्सरवर पिक्सेलपुरती तीक्ष्णता हवी असेल, तर एफ/८ ला ही सूट ०.०५ मि.मी.वर येते, साध्या कागदाच्या जाडीच्या निम्मी! वीस तुकड्यांच्या चित्रात कडेपर्यंत तीक्ष्णता टिकवायची तर दोन्ही चौकटी अंशाच्या विसाव्या भागाइतक्या समांतर हव्यात. लाकडी फील्ड कॅमेऱ्याच्या खुंट्यांना हे जमणं कठीण. दातेरी रॅकवर चालणारा भक्कम धातूचा मोनोरेल, म्हणजे एकाच दांड्यावर चौकटी सरकणारा कॅमेरा, इथे कामाला येतो. सुदैवाने बॉडीच्या पडद्यावरचं थेट दृश्य (लाइव्ह व्ह्यू) दहा पट मोठा करून पाहता येतो. काचेवर भिंग टेकवून जे कधीच दिसलं नसतं, ते त्यात दिसतं.

लेन्स कलवण्यातही हाच बारकावा लागतो. ऑस्ट्रियाच्या लष्करातले कॅप्टन थिओडोर शाइमफ्लुग यांनी १९०४ च्या पेटंटमध्ये मांडलेला नियम असा: फिल्मचं, लेन्सचं आणि तीक्ष्ण हव्या असलेल्या पृष्ठभागाचं प्रतल (सपाट पातळी) अशी तिन्ही एकाच रेषेत मिळायला हवं. जमिनीपासून दीड मीटरवर ठेवलेली १५० मि.मी.ची लेन्स, समोरची सगळी जमीन तीक्ष्ण यावी म्हणून, जेमतेम ६ अंश कलवावी लागते. ५० मि.मी.ची लेन्स लावली तर फक्त २ अंश. लेन्स जितकी आखूड, तितका हात हलका हवा.

आखूड लेन्स आणखी एका कारणाने अडते. सेन्सर माउंटच्या तोंडाशी नसतो, आत खोल असतो. आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये ही खोली साधारण ४४ मि.मी., आरसा नसलेल्या मिररलेसमध्ये १८ च्या आसपास. बॉडी ४० मि.मी. बाजूला सरकवली, तर १५० मि.मी.च्या लेन्समधून येणारा किरण १५ अंश तिरपा होतो. १८ मि.मी. खोलीत तो ५ मि.मी. सरकतो आणि ४४ मध्ये जवळपास १२. तेवढ्यात माउंटची कड आड येऊन सावली पडते. मिररलेस घ्या म्हणतात ते यासाठीच. ही सावली चित्राच्या मध्याकडच्या कडेला पडते, म्हणजे शेजारचा फोटो जिथे चढलेला असतो नेमकी तिथे, त्यामुळे फोटो एकमेकांवर जरा जास्त चढवले की बरंचसं निभावतं. मात्र ६५ मि.मी.ची लेन्स दूरवर जुळवायची, तर ती सेन्सरपासून साधारण तेवढ्याच अंतरावर आणावी लागते. डीएसएलआरवर मग भात्याला जागाच उरत नाही. मिररलेसवर ती बसते, पण तिरप्या किरणांमुळे कडांना रंगाची छटा येऊ शकते. त्यासाठी लेन्ससमोर पांढरी अर्धपारदर्शक पट्टी धरून प्रत्येक जागेचा एक जादा फोटो घ्यायचा आणि त्यावरून सॉफ्टवेअरमध्ये छटा काढायची.

वीस फोटो घेईपर्यंत दृश्य जागचं हलता कामा नये. वाऱ्यात डोलणारं झाड, लाटा, चालती माणसं यांच्यावर जोड फसतात. चित्रांच्या प्रती, टेबलावरच्या वस्तू, इमारतींचे दर्शनी भाग यांसाठी मात्र ही जोडणी मी आवर्जून सुचवेन. सुरुवात १५० मि.मी.च्या लेन्सने आणि एका ओळीतल्या तीन फोटोंनी करावी.