मांजराला मधुमेह निघाला, आता पुढे?

धडधाकट मांजराची साखरही दवाखान्यातल्या टेबलावर ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकते (इथले सगळे आकडे दर डेसिलिटर रक्तामागचे आहेत). प्रवास, परके वास आणि धरून ठेवणारे हात, एवढा ताण मांजराला पुरतो. म्हणून एका रिपोर्टवरून निदान पक्कं होत नाही. लघवीत साखर उतरली आहे का ते पाहावं लागतं आणि फ्रुक्टोसामीनची तपासणी करावी लागते. मागच्या एक-दोन आठवड्यांत साखर सरासरी कुठे होती, ते तिच्यातून कळतं. दवाखान्यातल्या तासाभराच्या भीतीने हा आकडा हलत नाही.

घरातली लक्षणंही जुळायला हवीत. पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतं, लिटर बॉक्समध्ये ओले गोळे मोठे आणि जास्त निघतात, खाणं भरपूर असूनही पाठीचा कणा हाताला लागू लागतो. काही मांजरं मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून चालतात. वाढलेल्या साखरेने मज्जातंतूंना इजा झाल्याचं ते लक्षण. साखर आटोक्यात आली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ही चाल बरेचदा सुधारते.

निदान अचानक कानावर पडतं, आजार मात्र हळूहळू साचत आलेला असतो. लठ्ठ, वयस्क, नसबंदी झालेल्या बोक्यांमध्ये तो जास्त दिसतो. स्टेरॉइडची औषधंही त्याला निमित्त होतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी जास्त राबतात. त्यांच्याभोवती अमायलॉइड नावाचं प्रथिन साठत जातं आणि चढलेली साखर त्या पेशींना आणखी दडपते. दिलासा देणारी गोष्टही इथेच आहे: दडपलेल्या सगळ्या पेशी मेलेल्या नसतात. साखर लवकर खाली आणली तर त्यातल्या काही पुन्हा कामाला लागतात, आणि बऱ्याच मांजरांना पुढे इन्सुलिन टोचावं लागत नाही. ‘आधी नुसतं खाणं बदलून बघू’ म्हणत महिना घालवू नये, तो यासाठीच.

इन्सुलिन दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने देतात. सुरुवातीचा डोस बहुतेक मांजरांना १ युनिटच्या आसपास असतो. चुका होतात त्या सिरिंजमध्ये. प्राण्यांसाठीची बरीच इन्सुलिन यू-४० असतात, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट. माणसांचं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन मांजरांनाही देतात, ते सहसा यू-१०० असतं. यू-४० च्या सिरिंजमध्ये यू-१०० इन्सुलिन १ च्या रेघेपर्यंत भरलं, तर मांजराच्या अंगात १ नव्हे, अडीच युनिट जातं. टोपणाच्या रंगावर विसंबू नका. सिरिंजवरचा आणि बाटलीवरचा आकडा प्रत्येक नव्या खरेदीच्या वेळी जुळवून पाहा. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मिळाली तर तीच घ्या.

बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते हलवायचं नाही आणि गढूळ दिसलं तर टाकून द्यायचं. इतर काही प्रकार हाताच्या तळव्यांमध्ये हळू फिरवून घ्यावे लागतात, काही चांगले हलवून. आपल्या बाटलीचं पत्रक नीट वाचा.

मांजर खात असताना टोचणं सर्वांत सोपं. छातीच्या किंवा पोटाच्या बाजूची सैल कातडी चिमटीत उचला, खाली जो खोलगट भाग तयार होतो त्यात सुई घाला आणि दट्ट्या सावकाश दाबा. जागा रोज बदला. सुई कातडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आली तर केस ओले होतात आणि औषधाचा वास येतो. किती आत गेलं याचा अंदाज अशा वेळी येत नाही, म्हणून दुसरं इंजेक्शन देऊ नका. पुढचा डोस ठरल्या वेळी द्या. घरातल्या दोघांनी न सांगता दोनदा टोचणं ही धोक्याची चूक आहे. टोचल्याबरोबर फ्रिजवरच्या कागदावर वेळ लिहिली की ती टळते. मांजराने खाल्लंच नसेल तर डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

साखर एखादा दिवस चढी राहिली तर खातं-पितं मांजर ते निभावून नेतं. खाली गेलेली साखर मात्र तासाभरात जीव घेऊ शकते. ६० च्या खालचा आकडा म्हणजे धोका. मांजर झोकांड्या खातं, एकटक बघत राहतं, गळून पडतं, आकडी येते. काही मांजरं तर काहीच दाखवत नाहीत. गिळता येत असेल तर लगेच खायला द्या. अंगात त्राण नसेल तर मध किंवा ग्लुकोजचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा. आकडी चालू असताना तोंडात काही ओतू नका, बोटही घालू नका. मांजर सावरलं तरी दवाखाना गाठा, कारण आधीच्या डोसाचा असर अजून उतरलेला नसतो.

म्हणूनच घरी साखर मोजायला शिकणं ही या आजारातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असं आमचं ठाम मत आहे. कानाची कड ओल्या गरम कापडाने शेकून घ्या, मागे कापूस धरा आणि कडेच्या बारीक शिरेजवळ लॅन्सेट (रक्ताचा थेंब काढायची बारीक सुई) टोचा. ज्वारीच्या दाण्याहून लहान थेंब पुरतो. ग्लुकोमीटर प्राण्यांसाठीचा असावा. माणसांचं यंत्र मांजराच्या रक्ताचा आकडा सहसा कमी दाखवतं. डोसाआधी एकदा आणि मग दर दोन तासांनी १२ तासांपर्यंत मोजलं की दिवसभराचा आलेख तयार होतो. त्यातला सर्वांत खालचा बिंदू ८० ते १५० मध्ये असावा. सकाळचा एक चढा आकडा बघून स्वतःच डोस वाढवू नका. डोस बदलल्यावर शरीराला जुळवून घ्यायला ५ ते ७ दिवस लागतात, आणि पुढचा बदलही अर्ध्या युनिटचाच असतो.

खाण्याबद्दल थोडं गणित करायला हवं. मांजर निव्वळ मांसाहारी, पिष्टमय पदार्थ हाताळणारी त्याच्या यकृतातली यंत्रणा तोकडी. कर्बोदकांतून मिळणाऱ्या कॅलरी १२ टक्क्यांच्या आत ठेवायच्या, पण हा आकडा पाकिटावर सहसा नसतो. समजा ओल्या खाद्यावर प्रथिनं १०, स्निग्धांश ५, तंतू १, राख (म्हणजे खनिजं) २ आणि पाणी ८० टक्के असं लिहिलंय. १०० तून सगळं वजा केलं की उरले २, ती कर्बोदकं. आता प्रथिनं आणि कर्बोदकं साडेतीनने गुणा, स्निग्धांश साडेआठने (या दर ग्रॅममागच्या कॅलरी): ३५, ७ आणि ४२.५, एकूण ८४.५. त्यात कर्बोदकांचा वाटा साधारण ८ टक्के, म्हणजे खाद्य चालेल. कोरड्या दाण्यांचं हेच गणित बहुतेक वेळा ३० टक्क्यांच्या आसपास जातं.

इन्सुलिन चालू असताना खाद्य डॉक्टरांना न सांगता बदलू नका. कर्बोदकं घटली की काही दिवसांतच इन्सुलिनची गरज घटते आणि कालचा डोस आज जास्त ठरतो. वजन आठवड्याला १ टक्क्याच्या बेतानेच उतरवा. ६ किलोच्या बोक्याचं ६० ग्रॅम. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून वेगळाच जीवघेणा आजार होतो.

तोंडाने द्यायची औषधंही आली आहेत. अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिनला डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिनला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या, एरवी तब्येत चांगली असलेल्या मांजरांसाठीच ती आहेत. त्यांच्यावर असताना साखर नॉर्मल दिसूनही रक्तात कीटोन (चरबी जाळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढू शकतात. उलट्या, खाणं बंद, मलूलपणा, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास: औषध कुठलंही असो, यातलं काही दिसलं तर रात्र उलटायची वाट पाहू नका.

डोस वाढवत नेऊनही साखर हटत नसेल तर दात, हिरड्या आणि लघवीतला जंतुसंसर्ग तपासून घ्या. त्यातही काही सापडलं नाही, तर वाढीचं संप्रेरक जास्त बनवणारी, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ तपासावी लागते.

उलट, अर्ध्या युनिटवरही आकडे खालीच राहू लागले तर डॉक्टर इन्सुलिन थांबवून पाहतात. सुटलं तरी ओलं खाद्य चालूच ठेवायचं आणि लघवीची पट्टी आठवड्यातून एकदा बघायची. खाजेसाठी किंवा दम्यासाठी कुणी स्टेरॉइड लिहून देत असेल, तर जुना मधुमेह आधी सांगायचा. पट्टीवर साखर पुन्हा दिसली तर त्याच दिवशी फोन करायचा, कारण इन्सुलिन लवकर सुरू झालं तर ते पुन्हा सुटण्याची शक्यता उरते.