मॉर्टनचा न्यूरोमा

पायाच्या बोटांकडे जाणारा मज्जातंतू चवड्यात दाबला गेल्याने होणारा वेदनादायक विकार. तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या बेचक्यात तो सर्वाधिक आढळतो, त्याखालोखाल दुसऱ्या-तिसऱ्याच्या. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद टॉमस जॉर्ज मॉर्टन यांनी १८७६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. ‘न्यूरोमा’ म्हणजे मज्जातंतूची गाठ. पण ही खरी गाठ नव्हे आणि कर्करोगाशी तिचा संबंध नाही. प्रपदास्थींना (बोटांच्या मागच्या, चवड्यातल्या लांब हाडांना) जोडणाऱ्या आडव्या बंधाखाली तंतू घासत राहतो, भोवती तंतुमय ऊतक साचून जाड होतो, आणि जाड झाला की अधिकच दाबला जातो.

बुटात खडा शिरल्यासारखे वाटते. बूट झटकून पाहावा तर आत काही नसते. पुढे चवड्याची आग होते, बोटांत करंट उतरतो, मुंग्या येतात. बूट काढून चवडा चोळला की बरे वाटते, ही मोठी खूण. तपासताना डॉक्टर चवडा दोन्ही बाजूंनी दाबून बेचक्यात अंगठा रोवतात. ‘कट्’ असे जाणवले तर निदानाला बळ मिळते. शंका उरल्यास सोनोग्राफी करतात. दुखणे थेट हाडावर असून सूज असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, तेव्हा धावणे लगेच थांबवावे. दोन्ही तळपाय सारखेच बधिर असतील तर आधी रक्तातील साखर तपासावी.

नागपुरात धावणाऱ्यांमध्ये या दुखण्याचा दोष सिमेंटच्या रस्त्यांवर ढकलण्याची पद्धत आहे. पण अरुंद बूट मातीच्या मैदानावरही तितकाच चिमटतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पाय सुजतात आणि जानेवारीत नीट बसलेला बूट मे महिन्यात आवळतो. सेमिनरी हिल्सच्या चढावर भार चवड्यावर येतो, म्हणून दुखणे असेपर्यंत अंबाझरी तलावाकडचा सपाट रस्ता बरा.

बूट संध्याकाळी घ्यावा. कागदावर उभे राहून पावलाची रेघ ओढावी आणि बुटातला इनसोल काढून त्यावर ठेवावा; पाऊल जिथे इनसोलबाहेर जाते तिथे बूट चिमटणार. लेस ओवताना बोटांकडची भोकांची पहिली जोडी सोडून द्यावी. जाड मोज्यांनीही जागा कमी होते.

चवड्याचा पॅड (इनसोलवर लावायची छोटी उशी) स्वस्त आणि उपयोगी, पण बहुतेक जण तो चुकीच्या जागी, म्हणजे नेमका दुखऱ्या जागेखाली लावतात. त्याने दाब वाढतो. चवड्याच्या दुखऱ्या उंचवट्यावर ओले कुंकू लावून इनसोलवर उभे राहावे, ठसा उमटेल. पॅडची पुढची कड त्या ठशाच्या ५ ते १० मिमी मागे, टाचेच्या बाजूला यावी. तिथून पॅड हाडांना उचलून फाकवतो आणि तंतूला जागा मिळते. आधी पातळ, साधारण ३ मिमीचा पॅड घेऊन घरातच चालून पाहावे. पोटऱ्या आखडलेल्या असतील तर टाच लवकर उचलली जाऊन भार चवड्यावर येतो, म्हणून त्यांचा ताण रोज काढावा. या काळात सायकल चालते. मात्र पेडल चवड्याखाली नव्हे, पावलाच्या मध्याखाली धरावे.

दोन-तीन महिन्यांत उतार नसेल तर स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. आराम बहुधा काही महिने टिकतो; वारंवार दिल्यास चवड्याखालची चरबीची गादी झिजते, आणि धावणाऱ्याला ती गादी लागतेच. शेवटचा उपाय शस्त्रक्रिया. त्यात आडवा बंध मोकळा करतात किंवा तंतूचा तेवढा भाग काढून टाकतात. तंतू काढल्यास त्या दोन बोटांच्या समोरासमोरच्या बाजू कायमच्या बधिर राहतात, आणि क्वचित उरलेल्या टोकाशी नवी दुखरी गाठ धरते.