सवय बसण्याची हवी, वाक्याची नको

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांत शिफ्ट फिरती असते. एक आठवडा फर्स्ट, मग सेकंड, मग नाइट. अशा माणसाला कथा लिहायची हौस असेल, तर ‘पहाटे पाचला उठून लिहीत जा’ हा सल्ला त्यानं कुठं ठेवायचा? पाचला तो कधी अंघोळीच्या घाईत असतो, कधी मशिनवर उभा, तर कधी गाढ झोपेत.

सवय लागते ती एखाद्या खुणेपाशी. तीच खूण, तीच जागा आणि पाठोपाठ तीच कृती असं पुन्हा पुन्हा घडलं, की मेंदू त्यांची सांगड घालतो. घड्याळ ही अनेकांतली एक खूण, इतकंच. माझ्या ओळखीचे एक टर्नर डब्याची खूण वापरतात. शिफ्ट कुठलीही असो, घरी आल्यावर डबा घासावा लागतोच. तो पालथा घातला की ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायचं आणि वही उघडायची. वही तिथंच असते, पेन वहीत खोचलेलं. ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा नेमक्या ठरावांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात केला. ‘यंदा दिवाळी अंकाला कथा द्यायचीच’ अशा मोघम निश्चयापेक्षा असे ठराव जास्त पाळले जातात, असं पुढच्या अनेक प्रयोगांत दिसलं.

मेंदूत नेमकं काय होतं, याची एक झलक अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत मिळाली. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या बोळातून उंदरांना खाऊपर्यंत पळायला शिकवलं होतं. मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचा चेतापेशींचा समूह असतो. सुरुवातीला तिथल्या पेशी वाटभर काम करत होत्या. वाट अंगवळणी पडल्यावर त्यांची लगबग मुख्यतः दोन ठिकाणी गोळा झाली, पळायच्या आरंभी आणि शेवटी. मधला सगळा भाग एकगठ्ठा झाला. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले.

कथालेखकानं जपून राहायचं ते इथंच. मधला भाग आपोआप होणं उंदराच्या सोयीचं आहे, आपल्या नाही. बेंजामिन गार्डनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक उपयोगी भेद मांडला: कृतीला हात घालण्याची सवय वेगळी आणि ती पार पाडण्याची सवय वेगळी. कृती किती वेळा होते, हे पहिलीवर ठरतं. त्यांचा अभ्यास व्यायामासारख्या आरोग्याच्या सवयींवर होता. पण लेखनाला हा भेद मला तिथल्यापेक्षाही चपखल वाटतो. वही उघडणं विचार न करता व्हावं. वाक्य मात्र विचार न करता आलं, तर ते बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

उदाहरण घ्या. कथेत गोदावरीला पूर आला आहे. हात आपोआप लिहून जातो, ‘नदीनं रौद्र रूप धारण केलं होतं. जिकडे तिकडे पाणीच पाणी.’ आता गोदाघाटावरचा नाशिककर पूर कसा मोजतो ते आठवा. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. ‘मारुतीच्या कमरेला पाणी लागलं आणि भांडीवाल्यानं दुकान आवरायला घेतलं’ या वाक्यात पुराची पातळीही कळते आणि माणूसही दिसतो. पहिल्या खर्ड्यात रौद्र रूप आलं तर येऊ द्यावं, तिथं अडून बसू नये. दुसऱ्या वाचनात मात्र अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ मारायची. या रेघा मारण्याचीही खूण ठरवून टाकली, तर उत्तम.

राहिला प्रश्न दिवसांचा. एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरली. नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ वाटेत कुठंतरी गळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा १२ आठवडे माग ठेवला. पाणी पिणं, फळ खाणं, थोडं पळणं अशा साध्या गोष्टी होत्या. सवय मुरायला लागणारा काळ मधल्या माणसाच्या बाबतीत ६६ दिवस निघाला आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. (प्रयोग ८४ दिवसांचाच असल्यानं वरचा आकडा गणितानं पुढे वाढवून काढलेला आहे.) फळ खाण्याला एवढा वेळ, तर लेखनाला जास्तच धरावा. दिलासा एवढाच, की एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही. घरात लग्नकार्य निघालं, चार दिवस वही उघडली नाही, म्हणून ‘आपल्याला जमणार नाही’ असं म्हणायचं कारण नाही.

रोज बसल्यानं स्फूर्ती आटते, ही भीती जुनी आहे. रॉबर्ट बॉइस यांनी १९८०च्या दशकात प्राध्यापकांचे गट पाडून पाहिलं. ठरल्या वेळी लिहायला भाग पाडलेल्यांची पानं तर वाढलीच, पण नव्या कल्पनाही मन लागेल तेव्हा लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त सुचल्या. गट लहान होते, लेखनही कथेचं नव्हतं. तरी मुहूर्ताची वाट पाहणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

दुसऱ्या दिवशीचं बसणं सोपं करायला आदल्या दिवशी प्रसंग अर्धा सोडावा. बर्लिनमध्ये मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८ साली दाखवलं, की मध्येच थांबवलेलं काम माणसं कुणी न सांगता पुन्हा हाती घेतात. पूर्ण झालेलं प्रकरण अशी ओढ लावत नाही.

आणि कथानकच अडलं असेल, तर गोल्फ क्लब मैदानाच्या चालायच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या माराव्यात. स्टॅनफर्डमधल्या २०१४च्या प्रयोगांत चालताना लोकांची नवनव्या कल्पना काढण्याची क्षमता सरासरी ६० टक्क्यांनी वाढली. ज्या कोड्यांना एकच नेमकं उत्तर होतं, त्यात मात्र चालणारे किंचित मागे पडले. त्यामुळे नायिका माहेरी परत जाते की नाही, हे ट्रॅकवर ठरवा. ती दारात काय बोलते, त्यासाठी घरी येऊन बसावं लागेल.